पार्वतीच्या घरातला तेलाचा डबा

शिरोड्याच्या किनाऱ्याचे फोटो मी या ब्लॉगवर टाकले तेव्हा दोघीतिघींनी विचारलं, "आजी, तुम्ही कोकणात पहिल्यांदा कधी गेलात? तेव्हाचं लिहा ना." मी टाळत होते. पण माझं वय आता असं आहे की टाळलेलं राहूनच जाईल. म्हणून लिहिते. हे वाचून कुणाला सहलीचा हुरूप येणार नाही, हे आधीच सांगते.

साठ सालानंतरची गोष्ट. मी साताऱ्याची, बावीस वर्षांची, ग्रामसेविकेचं प्रशिक्षण नुकतंच संपलेलं. आमच्या तुकडीला निरनिराळ्या गावांत प्रचाराला पाठवत. माझ्या कागदावर मालवणजवळचा भाग होता आणि विषय होता 'घरातील टाकाऊ वस्तूंचा उपयोग व खतखड्डे'. मी समुद्र पाहिलेला नव्हता. आईनं दशम्या बांधून दिल्या आणि मी कोल्हापूरला जाऊन मालवणची एस.टी. पकडली.

आज तुम्ही राधानगरीवरून फोंडाघाट उतरता तेव्हा गाडीच्या काचा बंद असतात. तेव्हा घाटात प्रत्येक वळणावर लाल धूळ आत यायची. कसालला पोचेपर्यंत माझी पांढरी साडी विटकरी झाली होती. कसालला मालवणचा रस्ता फुटतो. तिथे एका चहाच्या दुकानात बटाट्याची भजी खाल्ली, तोंडावर पाणी मारलं आणि पुढची गाडी धरली. मालवणात एक रात्र धर्मशाळेत काढली. सकाळी बाजारातून खाजं घेतलं, खांद्याला प्रदर्शनाची पिशवी अडकवली आणि खाडीवर गेले. पलीकडे जायला होडी होती. ज्या वाडीत मी गेले तिचं नाव लिहीत नाही. तिथे आजही ती घरं आहेत.

वाडी सोळा घरांची. माड, आंबे, एक शाळा. बहुतेक घरांतले पुरुष मुंबईला गिरणीत. शाळेच्या गुरुजींनी बायकांना जमवलं होतं. मी पिशवीतून एकेक वस्तू काढून मांडली: दुधाच्या पावडरीच्या डब्याचा दिवा, फाटक्या लुगड्यांचं बस्कर, काथ्याचं पायपुसणं, पत्र्याच्या डब्याला कडी बसवून केलेला साठवणीचा डबा. मग खतखड्डा कसा खणायचा ते जमिनीवर काडीनं काढून दाखवलं. प्रशिक्षणात पाठ केलेलं वाक्य म्हणाले, "घरातली कुठलीही वस्तू टाकण्याआधी दोनदा विचार करा."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाये, माशाचा पाणी माडाक, राख भांड्यांक, पातेरो भाजावळीक. आमच्याकडे टाकूक उरता काय?"

खरंच होतं ते. पातेरो म्हणजे पाचोळा, तोसुद्धा पेरणीआधी जमीन भाजायला जायचा. त्यांच्या अंगणात मला वाया गेलेली एक वस्तू दिसत नव्हती. माडाची झावळीसुद्धा विणून छपरावर चढलेली. मला ओशाळल्यासारखं झालं, आणि मी जास्तच जोरात पत्र्याच्या डब्याबद्दल बोलायला लागले. कारण तेवढी एकच वस्तू त्यांच्यासाठी नवी होती.

दुपारी मला पार्वतीच्या घरी जेवायला नेलं. पार्वती तिशीची, उंच, कमी बोलणारी. नवरा विष्णू मुंबईला. घरात सासरे, ज्यांना सगळे तात्या म्हणत, आणि आठ वर्षांची मुलगी शेवंती. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. बांगडा मी आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ला. मला काटे काढता येईनात तेव्हा शेवंती समोर बसून, एकही शब्द न बोलता, आपल्या ताटलीत काटे काढून कसे ठेवायचे ते करून दाखवत होती. मी बरोबर काढला की मान हलवायची.

निघताना पार्वतीनं मागच्या पडवीतून एक डबा आणला. चांगला जाड पत्रा, घट्ट झाकण. त्या हिवाळ्यात आंब्याच्या मोहरावर तुडतुडे पडले म्हणून फवारणीची माणसं येऊन गेली होती. त्यांनी रिकामे डबे तिथेच टाकले होते आणि लोकांनी ते उचलून ठेवले होते.

"बाई, ह्यो डबो तेलाक चलतलो काय? पत्रो घट आसा."

मी डबा हातात घेतला. कुबट, औषधी वास होता. एका बाजूला अर्धा फाटलेला कागद चिकटलेला, त्यावर इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी वाचता येत होतं. तेवढ्यात खालून होडीवाला ओरडला, "बाई, बेगीन येवा! सुकती लागली, होडी रुतात!" ओहोटी सुरू झाली होती.

"चालेल की," मी म्हणाले. "गरम पाणी आणि राख घेऊन दोनतीनदा घासा. वास गेला की झालं."

आणि मी उतारावरून पळत खाली गेले. पुढचे दिवस इतर वाड्यांत, मग विजयदुर्गापर्यंत. किल्ला पाहिला, लाटा पाहिल्या, घरी पत्र लिहिलं की इथली माणसं फार चांगली आहेत.

दोन महिन्यांनी, वैशाखात, खतखड्डे किती झाले हे पाहायला मला पुन्हा त्याच वाटेनं पाठवलं. कसालला त्याच चहाच्या दुकानात बसले. मालकानं कुठे जाता विचारलं. मी वाडीचं नाव सांगितलं तेव्हा त्यानं कप खाली ठेवला.

"थंय जेवू नकात, बाई. सुनेन स्वताच्या चेडवाक वीख घातल्यान."

कुणाच्या सुनेनं, कुणाच्या मुलीला, मी विचारलं. त्यानं तात्यांचं नाव सांगितलं.

हकीकत होती ती अशी. एका सोमवारी शेवंतीनं भज्यांचा हट्ट धरला. पार्वतीचा उपास होता. तिनं तळली, मुलीनं पोटभर खाल्ली, तात्यांनी दोनच खाल्ली, कारण दात नव्हते. तासाभरात मुलीला आचके यायला लागले. तात्यांचेही हातपाय थरथरू लागले. मुलीला झोळीत घालून होडीपर्यंत नेलं, पण ओहोटी होती, होडी चिखलात. पाणी चढायची वाट पाहत असताना ती खाडीच्या काठावरच गेली. तात्या दोन दिवसांनी सावरले. आणि वाडीनं हिशेब मांडला तो एवढाच: दोघांनी खाल्लं, दोघे पडले, जिनं शिजवलं तिनं आपण खाल्लं नाही.

मला तेव्हा डबा आठवला. बाकी काही आठवायच्या आधी तो वास आठवला.

मालवणात मी थांबले नाही. होडीत बसले तेव्हा दुपार होती, पाणी भरलेलं होतं. पार्वतीच्या दारात पोचले तेव्हा दिसलं की ती पडवीच्या कोपऱ्यात बसली आहे आणि चुलीपुढे शेजारची बाई आहे. बारा दिवस झाले होते. तिच्या हातचं कुणी काही घेत नव्हतं, पाणीसुद्धा. विष्णू मुंबईहून बोटीनं आला होता. तो खांबाला टेकून बसला होता. बायकोशी एक शब्द बोलला नव्हता, असं गुरुजींनी मला वाटेतच सांगितलं. दोन दिवसांनी गावकीची बैठक होती. पार्वतीला माहेरी पाठवायचं की पोलिसांत द्यायचं, एवढंच ठरायचं होतं.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. डबा फळीवर होता. काजळी धरलेला, निम्मा तेलानं भरलेला. ते तेल त्या सोमवारी पहिल्यांदाच काढलं होतं आणि मग तसंच ठेवलं होतं. फेकायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी पदरानं काजळी पुसली. फाटक्या कागदाच्या उरलेल्या भागावर एक कवटी होती आणि खाली विष या अर्थाचा इंग्रजी शब्द, चांगला मोठ्या अक्षरांत. झाकण उघडलं तर खोबरेल तेलाच्या वासाखाली तो दुसरा वास होताच.

डबा घेऊन मी बाहेर आले. मी विष्णूला आणि तात्यांना म्हणाले, "हिनं काही केलेलं नाही. हे फवारणीच्या औषधाचं विष आहे. ते तेलात उतरलं. हा डबा तेलाला वापरा असं मी तिला सांगितलं होतं. तिनं मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले."

मग विष्णूनं विचारलं, "बाई, तुमका इंग्रजी वाचूक येता?"

"येतं."

"मगे?"

होडी सुटत होती, हे खरं होतं, पण ते त्याच्यासमोर तोंडातून निघेना. तो उठला, माझ्याकडे न पाहता अंगणातून माडांकडे चालत गेला.

मी पार्वतीजवळ जाऊन बसले. तिला विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस? एकदा सांगायचं होतंस की बाईंनी सांगितलं.

ती म्हणाली, "तुमी सांगलास तसो तीन येळा घासलंय. वास थोडो उरललो. चौथ्यांदा घासूक होयो होतो. माझे हात दुखले म्हणान ठेवलंय." तिला बारा दिवस हेच वाटत होतं. लोक म्हणत होते ते तिला अर्धंमुर्धं पटलंच होतं, फक्त कारण वेगळं होतं.

मी तिला सांगितलं की शंभरदा घासूनही ते गेलं नसतं. तिनं ऐकलं. पटलं की नाही ते मला सांगता येणार नाही.

तेव्हा तात्या, ज्यांचे हात अजून थरथरत होते, चुलीपुढच्या शेजारणीला म्हणाले, "तू जा गो घराक." मग पार्वतीला म्हणाले, "पार्वती, माका पेज वाढ." ती उठली. वाटी त्यांच्या हातात ठरेना, म्हणून तिनंच त्यांना ती पाजली. पाजताना पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आणि मी घरोघर फिरलो. तसले डबे आणखी सात घरांत होते. एकात मीठ, एकात पापड, एक विहिरीवर पोहऱ्यासारखा बांधलेला. ते काढून घेणं ते वापरायला सांगण्यापेक्षा फार कठीण गेलं. "डबो बरो आसा, आमका काय झाला नाय," एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "तेव्हा ठेवा म्हणालास, आता टाका म्हणतास." शेवटी तात्या काठी टेकत आमच्याबरोबर आले, तेव्हा डबे बाहेर आले. प्रत्येक डब्याला कुदळीनं भोकं पाडली, म्हणजे कुणी उकरून काढला तरी वापरता येऊ नये, आणि विहिरीपासून लांब, वरच्या कातळाजवळ खोल पुरले. एका घरानं डबा नाहीच म्हणून सांगितलं. मला वाटतं, होता. गावकीची बैठक मग भरलीच नाही.

ऑफिसात परतल्यावर मी सगळं लिहून अहवाल दिला. कुठलं ऑफिस ते सांगत नाही. साहेबांनी तो वाचला आणि दार लोटून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, तुमची नोकरी कायम व्हायची आहे. आणि हे बाहेर गेलं तर फवारणीला एक माणूस हात लावू देणार नाही, पुढच्या वर्षी आंबा जाईल. मुलगी काही परत येत नाही. तेवढा डब्याचा परिच्छेद काढा." मी दोन दिवस टाळलं. मग तो परिच्छेद काढला. नवीन कागदावर 'अन्नातून विषबाधा, कारण अज्ञात' असं लिहिलं आणि खाली सही केली.

त्यानंतर मी रजा घेऊन घरी गेले. आईनं विचारलं, समुद्र कसा आहे? मी मोठा आहे म्हणाले. जेवायला बसले की तेलाच्या बरणीकडे लक्ष जायचं. आई ती बरणी आत ठेवायला लागली.

पुढे माझी बदली घाटावर झाली आणि मी तीसेक वर्षं हीच नोकरी केली. विष्णू पार्वतीला मुंबईला घेऊन गेला, असं गुरुजींच्या पत्रातून कळलं. त्यापुढचं माहीत नाही. मी परत मालवणला गेले ती थेट नातवंडांबरोबर, हॉटेलात राहायला. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. रस्ता आता चांगला आहे, कसालहून तासाभरात पोचाल, आणि सोलकढी सगळीकडे मिळते. मी त्या खाडीकडे गेले नाही. मुलांनी विचारलं, पलीकडे काय आहे? मी म्हणाले, घरं आहेत.

वाडीत मी तोंडानं खरं सांगितलं, म्हणून एका बाईवरचा आळ गेला. लोक भेटले की ते समाधान मला सांगता येतं. पण त्या हिवाळ्यात फवारणीची माणसं फक्त त्याच वाडीत गेली नव्हती. त्यांनी किनाऱ्यावरच्या कितीतरी वाड्यांत तसले डबे टाकले होते, आणि तिथल्या बायकाही काही वाया घालवणाऱ्या नव्हत्या. माझा पहिला अहवाल पुढे गेला असता तर कुणीतरी त्यांना सांगायला गेलं असतं. कुणी गेलं नाही. त्या घरांत काय झालं ते मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंही नाही.