सायगॉनमध्ये, लानच्या आईकडे

व्हिएतनाम आमच्या यादीत नव्हतं. टेक्सासातल्या अर्विंग गावी आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी लान एकदा म्हणाली, "आई फोनवर 'मी मजेत' एवढंच सांगते. मला एवढ्यात सुट्टी नाही. तुम्ही दोघं आशियात कुठेतरी जाणार आहात ना? सायगॉनला जा. ती कशी आहे ते बघ आणि मला खरं सांग."

मी मंदारला, म्हणजे नवऱ्याला, विचारलं. "चल यार, बुक कर," तो म्हणाला.

ई-व्हिसा घरबसल्या मिळाला. डॅलस ते टोकियो, तिथून पुढे सायगॉन. पूर्ण एक दिवस त्यात जातो. विमानतळाबाहेर आलो आणि दमट हवा अंगाला चिकटली. रस्त्यावर स्कूटरच स्कूटर. एकीवर आडवा बांधलेला फ्रिज, एकीवर चौघांचं कुटुंब. टेक्सासात आम्ही दूध आणायलासुद्धा गाडी काढतो. इथे अख्खं शहर फूटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून जेवत होतं. हॉर्न सतत वाजतात, पण कोणी कोणावर खेकसत नाही, याचं मला फार नवल वाटलं.

पहिला दिवस झोप आणि कंडेन्स्ड मिल्कची कडक कॉफी यांत गेला. शाकाहारींसाठी सांगते: पाटीवर 'chay' लिहिलेलं शोधा. दोन-तीन डॉलरांत टोफू घातलेले वाडगाभर गरम नूडल्स मिळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लानच्या आईकडे, म्हणजे मावशींकडे, गेलो. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली की भिंतीला पाठ लावायची. मावशी दारातच सूप विकतात. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून शेजारचे निवृत्त शिक्षक तुआनकाका मध्ये बसले. मावशींनी माझे गाल धरले आणि काहीतरी म्हणाल्या.

"लानपेक्षा बारीक आहात म्हणतात," काका हसले.

मग मावशी आम्हाला बाजारात घेऊन निघाल्या. रस्ता ओलांडताना मी थबकले. त्यांनी माझा हात धरला आणि सरळ वाहनांत शिरल्या. थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीने जायचं. स्कूटर आपोआप बाजूने वळतात. पण ती चाल बघूनच मला कळलं. उजवा पाय त्या जवळजवळ ओढत होत्या.

परत आल्यावर मी काकांना विचारलं. त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी बराच वेळ बोलल्या.

"पावसाळ्यात दारात घसरल्या. महिनाभर अंथरुणात होत्या. लानला सांगू नका म्हणतात. कळलं तर ती त्यांना अमेरिकेला नेईल."

"मग तो महिना कोणी केलं सगळं?"

काकांनी गल्लीकडे हात केला. समोरची बाई सुपाचं जड पातेलं उचलून आत ठेवत होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

मी नुसती हसले. लानला न सांगण्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढचे तीन दिवस आम्ही देवळं, नदीवरची बोट, सगळं केलं, पण ते ओझं डोक्यावर होतंच.

"तू प्रॉमिस तर नाही ना केलंस?" मंदारने विचारलं.

"नाही. पण त्यांना वाटलं असेल की केलं."

सोमवारी ऑफिसात लानने खुर्ची ओढली. "सांग."

मी सगळं सांगितलं. पडणं, पाय, महिनाभर अंथरूण. तिचे डोळे भरले. मग मी त्या शेजारणीचंही सांगितलं. "लान, मला विचारशील तर त्यांना इकडे आणू नकोस. तूच जा."

ती आपल्या टेबलाकडे वळली. चार वाजता तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पुढच्या महिन्याचं तिकीट होतं, तीन आठवड्यांचं. "आई तुझ्यावर चिडली आहे," ती म्हणाली. मला ते चालणार होतं.

शहराबद्दल लोक विचारतात तेव्हा मी ट्रॅफिक, कॉफी, दमट हवा सांगते. जा, नक्की जा, पाच दिवस तरी काढा. पण मला त्या शहराने लावलेली सवय वेगळीच आहे. परवा नागपूरला फोन केला आणि आईला सरळ विचारलं, "तू पडलीस-बिडलीस तर मला सांगतेस ना गं?"

"सांगते की," आई म्हणाली. पण त्याआधी ती क्षणभर गप्प झाली होती.

"कधी पडलीस?" मी विचारलं.