माय थांबायची त्या जागा

माय जाऊन आठ महिने झाले होते, आणि ती हलते-बोलते आहे असा एकच व्हिडिओ आमच्याकडे होता. एक मिनिट चाळीस सेकंदांचा. केनवडच्या, आमच्या गावच्या घराच्या अंगणात ती सुपात तूर पाखडत बसलेली, आणि मी नव्या फोनची ऐट मिरवत तिच्यासमोर उभा. हा व्हिडिओ बाबांच्या कॉम्प्युटरवर अडकत अडकत चालायचा, आणि ते मला सहन होत नव्हतं.

मी रिसोडला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. चोरून टाकलेलं सॉफ्टवेअर घरात नको, हा माझा बाणा. म्हणून बाबांच्या कॉम्प्युटरच्या जुन्या डब्यात मीच लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून दिली होती आणि चार लोकांत तिचे गोडवेही गायलो होतो. व्हिडिओ उलगडायचं काम खरं तर ग्राफिक्सच्या चिपचं. इथे ते सगळं बिचाऱ्या प्रोसेसरच्या डोक्यावर पडत होतं. फाइल भारी, डबा म्हातारा. तीन-चार ठरलेल्या जागी चित्र आणि आवाज दोन्ही थिजायचे, दम खायचे, मग पुढे सरकायचे. जगाच्या मशिनी दुरुस्त करणारा मी, आणि माझी आई आमच्याच घरात अडखळते! मला लाज वाटायची.

बाबा रोज संध्याकाळी एकटेच तो व्हिडिओ बघायचे. मी रविवारी केनवडला गेलो की म्हणायचो, दुरुस्त करून देतो. ते म्हणायचे, "राहू दे ना. कायले हात लावतं? दिसते ना थे." म्हाताऱ्या माणसाला मशीनची भीती असते, असं मी धरून चाललो. शिकवणाऱ्या माणसाला विचारायची सवय कमीच असते.

शेवटी एका रविवारी सकाळीच ठाण मांडलं. चिपला कुठले कुठले फॉरमॅट उलगडता येतात, त्याची यादी टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून काढली. माझ्या फोनच्या फॉरमॅटचं नावच त्यात नव्हतं. चिपला तो येत होता, पण तिला कामाला लावणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, अर्धवट होता. पुरा ड्रायव्हर जुन्या सिस्टिमवर बसेना, म्हणून मी सिस्टिमच पुसली आणि नवी टाकली. व्हिडिओ तेवढा पेन ड्राइव्हवर जपून ठेवला. दुपार कलली तेव्हा यादीत त्या फॉरमॅटची ओळ आली. प्लेयरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग चालू केलं, म्हणजे उलगडायचं काम चिपकडे दिलं, आणि शंभर टक्क्यांवर टेकलेला प्रोसेसर एकदम दहाच्या खाली उतरला. मी एकट्यानेच मांडीवर थाप मारली.

संध्याकाळी बाबा नेहमीच्या खुर्चीवर येऊन बसले. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळ्यांचं पाकीट. मी व्हिडिओ लावला.

पडद्यावरची माय मला म्हणाली, "कायले काढून राह्यला माहा फोटो? केस पाह्य माहे." मग माझ्या मागे उभ्या असलेल्या बाबांकडे बघून, "अन् तुमी काहून उभे तिकडं? चहा घेतला का? नसन घेतला तर चुलीपाशी ठेवला हाये. अन् गोया घ्या बीपीच्या, आठवनीनं." सूप हललं, तूर उडाली, ती हसली. संपलं. कुठे एक अडखळ नाही.

मी शाबासकीची वाट बघत बाबांकडे वळलो. त्यांचं तोंड उघडंच होतं. पेला तसाच हातात.

"काय झालं, बाबा?"

"पह्यले थे मले बोलू देत जाये," ते म्हणाले. "चहा घेतला का म्हने, अन् थांबे. मी म्हनो, घेतला. गोया घ्या म्हने, अन् थांबे. मी घेओ. आता एकदम बोलून जाते अन् संपते."

आठ महिने बाबा रोज आईशी बोलत होते, आणि ती बोलायची जागा मी सकाळपासून खपून बुजवली होती. मला रडू आलं आणि स्वतःचा संतापही. घाईघाईने हार्डवेअर डिकोडिंग बंद केलं. पण नव्या सिस्टिमचं वागणंच निराळं. चित्र थिजलं, आवाज मात्र पुढे पळाला. बाबा "घेतला..." म्हणेपर्यंत माय गोळ्यांवर पोचलेली. जुनी सिस्टिम मी पुसून टाकली होती.

मग मला वाटलं, सोपं आहे की. बाबांच्या मागे बसलो, कीबोर्ड मांडीवर घेतला, सगळं परत सुरळीत केलं आणि व्हिडिओ लावला. "चहा घेतला का?" झालं की स्पेसबार दाबला. माय थांबली. चेहरा अगदी पहिल्यासारखा, बाबांकडे वळलेला.

बाबा मागे न वळता, अगदी मायेने म्हणाले, "तू थांबवून राह्यला लेका. थे नाई थांबली."

त्यांनी पाकिटातली गोळी काढली, पाण्यासोबत घेतली, आणि मला म्हणाले, बंद कर आता.