तोंडात रोप धरलेली बाई

भुताखेतांच्या गप्पा रंगात आल्या की मी हळूच उठून पाणी प्यायला जातो. पटतच नाही हो मला ते! सगळी नोकरी ड्रॉइंग मास्तर म्हणून झाली. समोर जे दिसतं तेच कागदावर उतरवा, हे पोरांना शिकवण्यात आयुष्य गेलं. इथे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतानासुद्धा मी एकेकाला मनातल्या मनात खोडून काढत असतो. आता स्वतःचाच लिहितोय... तर तुम्हीही खुशाल खोडा. जमलं तर मला जरूर कळवा.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बुलढाण्याला नवानवा नोकरीला लागलो होतो. आमचं गाव वडनेर भोलजी. घरी बागायत — वांगी, मिरची, कोथिंबीर. बाबांना माझी नोकरी चालायची, विषय चालायचा नाही. पाहुण्यांत कुणी विचारलं तर म्हणायचे, "पोरगा बुलढाण्याले मास्तर हाय." कशाचा मास्तर, असं कुणी पुढे विचारलं की बाबांना एकदम बैलांना पाणी दाखवायची आठवण व्हायची. मला ते फार लागायचं. त्या माणसाने आयुष्यात एकदा तरी माझं चित्र नीट पाहावं, एवढंच मला हवं होतं. पण मागणार कसं?

त्या हिवाळ्यात बुलढाण्यातल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एक धाडस केलं. चर्च लहानसंच, कौलारू. तिथे त्यांनी आजच्या काळातल्या भक्तिचित्रांचं एक्झिबिशन भरवायचं ठरवलं. धर्म कोणताही, चित्रकार कोणीही. "देवाचा फोटो काढून आणू नका," ते म्हणाले, "तुम्हाला देव कुठे भेटतो, ते काढा." बुलढाण्यात तोवर असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. अकोल्याहून, खामगावहून चित्रं आली आणि त्यांच्या रांगेत माझंही लागलं. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू!

आता चित्राचं सांगतो. मला काढायची होती वाफ्यात रोपं लावणारी बाई. लहानपणापासून पाहिलेलं दृश्य, त्यात काय अवघड? पण हाताला भलतंच सुचत गेलं. बाई गुडघ्यांवर बसलेली, वांग्याच्या रोपांची जुडी तिने चक्क दातांत धरलेली. डाव्या हाताने रोप खोचते आहे आणि माती दाबते आहे ती उजव्या कोपराने! असं रोप लावताना मी कुणालाही पाहिलं नव्हतं. उजव्या हाताचा पंजा तर काही केल्या जमेना. काढला, पुसला, पुन्हा काढला... दर वेळी तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायचा. शेवटी वैतागून मनगटावरून लुगड्याचा पदर ओढून दिला आणि मोकळा झालो. चेहऱ्यासाठीही समोर कुणी बसलेलं नव्हतं. आला तसा येऊ दिला.

लोक चपला बाहेर काढून आत यायचे. बाजाराला आलेली एक बाई माझ्या चित्रापुढे थांबली आणि सोबतिणीला म्हणाली, "काय व, हे बाई पाला खाऊन राह्यली काय?" सगळे हसले, मीही हसलो. पाळकसाहेबांनी मात्र विचारलं, "मास्तर, कुठे पाहिलीत हिला?"

"कुठेच नाही, साहेब."

"मग रोप दातांत का?"

मी पुढे होऊन चित्राची चौकट उगाचच सरळ केली.

एका दुपारी बाबा आले. आले होते कचेरीच्या कामाला, मलकापूरला गाडी बदलून, राजूर घाट चढून. मी त्यांना जवळजवळ ओढतच नेलं.

"चर्चात काऊन नेऊन राह्यला बे मले?"

"जरासं पाहा आणि निघा, बाबा."

आत बाबांनी बाकीच्या चित्रांवरून नजर फिरवली, बाजारात दुसऱ्याच्या मालावरून फिरवावी तशी. मग माझ्या चित्रापुढे आले. डोक्यावरची टोपी काढली आणि मटकन खालीच बसले. चक्कर आली की काय म्हणून मी धावलो.

"तुले कोनं सांगतलं?" त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

"काय सांगितलं, बाबा?"

"हे माही माय हाय म्हनून."

मला काही समजेना. बाबांची आई म्हणजे माझी आजी घरी चांगली ठणठणीत होती, निघताना तिनेच मला चिवडा बांधून दिला होता. मग तिथेच फरशीवर बसून बाबांनी सांगितलं, की ती आजोबांची दुसरी बायको. बाबांची सख्खी आई ते लहान असतानाच गेली.

"उसाच्या चरकात हात गेल्ता तिचा. पंजाच नव्हता बे. पदरात झाकून ठेवे. रोप तोंडात धरे, कोपरानं माती दाबे. पन वाफा लावाले कोनाच्या मागं राहे नाही! नव्या मायले वाईट वाटू नये म्हनून आमी घरात नावच घेतलं नाही. तुह्या मायलेबी ठाऊक नाही."

पहिल्या आजीचा एकही फोटो नव्हता. ती गेली तेव्हा माझा जन्म तर सोडाच, बाबांचं लग्नही झालं नव्हतं. पुढे आत्याला खोदून खोदून विचारलं. तीही म्हणाली, "म्या कधी तोंडातून शब्द काढला नाही." लॉजिक लावायचा माझा प्रयत्न अजून चालू आहे. लहानपणी कुणाचं बोलणं कानावर पडलं असेल? पण बोलणारं कुणी नव्हतंच की. तसा चेहरा मी पुन्हा काढून पाहिला, दर वेळी नुसती एक बाई निघाली. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

पण तुम्हाला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. बाबा उठले. भोवती जमलेल्या लोकांकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे माह्या पोरानं काढलं. ड्रॉइंगचा मास्तर हाय!" मी, वर्गात पोरांना दटावणारा मास्तर, सगळ्यांसमोर रडलो.

पाळकसाहेब पुढे आले. बाबांना म्हणाले, "हे चित्र आम्हाला चर्चमध्ये कायमचं ठेवायला आवडेल. पण तुमच्या आईचं आहे... तुम्ही घरी न्यायचं म्हणाल, तर आत्ता उतरवून देतो."

बाबा चित्राच्या अगदी जवळ गेले, पदराखालच्या मनगटापासून चेहऱ्यापर्यंत सगळं नीट पाहिलं. मग टोपी डोक्यावर ठेवली.

"राहू द्या, साहेब. जलमभर उन्हात राबली. बसू द्या आता जराशी सावलीत."