महाळुंग्यात घडवलेले लोखंडी टोक

वैशाली सांगत होती. मी ऐकले नाही.

आज तिला जाऊन एक वर्ष झाले. हे वर्षभर कोणाजवळ बोललो नव्हतो, म्हणून येथे लिहितो.

माझी पत्नी समुद्रावरील बर्फाची अभ्यासक होती. चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमधून ती दरवर्षी कॅनडाच्या उत्तर टोकाला जाई आणि तेथील इन्युइट शिकाऱ्यांसोबत पातळ होत चाललेल्या बर्फाची नोंद ठेवी.

उपकरणे तिची, वाटा त्यांच्या. शोधनिबंधावर नावे दोघांचीही.

त्यांच्यातील एका वृद्ध शिकाऱ्याला ती 'आजोबा' म्हणत असे. लोखंडी टोकाच्या काठीने बर्फावर ठोका मारल्याशिवाय ते पाऊल टाकत नसत. ते टोक झिजले, तेव्हा नवे करून देण्याचे काम तिने माझ्यावर सोपवले.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात. साहजिकच विचारले, "ड्रॉइंग कुठे आहे?"

"अहो, आजोबांनी वीतभर दाखवलंय. तेवढंच."

शेवटी ड्रॉइंग मीच केले. महाळुंग्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवरचे बबनराव म्हणाले, "सायेब, बर्फ फोडायला एवढा थाट? वहिनींनी रसवंती टाकली का काय?"

हाताला झटका बसू नये म्हणून टोक आणि लाकूड यांच्यामध्ये मी रबरी बुश, म्हणजे एक जाड कडे, बसवला. त्या बुशचा मला अभिमान होता.

तिकडे बर्फावर आजोबांनी एक ठोका मारला आणि बुश चाकूने कापून काढला.

वैशालीचा फोन आला. "ते म्हणाले, हे करणाऱ्याला दुसऱ्याची काळजी आहे. पण बर्फ काय सांगतो, ते हातापर्यंत पोहोचू देत नाही."

ती खूप हसली. मीही हसलो.

त्याच मोहिमेत उपग्रहाच्या चित्रात पुढचा बर्फ भक्कम दिसत होता. आजोबांनी दोन ठोके मारले आणि ते मागे वळले. वैशालीने वाद घातला नाही. तीही वळली.

दुसऱ्या दिवशी तेथे उघडे पाणी होते.

गेल्या वर्षी ती मला म्हणाली, "आत काहीतरी बरोबर नाही. जिना चढताना कळतं मला."

मी तिच्या तपासणीच्या रिपोर्टची फाइल उघडली. "सगळी रीडिंग मर्यादेत आहेत, वैशाली."

"असतील हो. पण मी सांगतेय ना."

तीन आठवड्यांनी तिचे हृदय थांबले.

आधी हालचाल केली असती तर ती वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मात्र तिला तेच दोनदा सांगावे लागले, एवढे मला निश्चित ठाऊक आहे.

आज सकाळी आजोबांच्या मुलीचा मेसेज आला. यंदा बर्फ उशिरा धरला. बाबा त्याच टोकाने ठोकून सांगतात, आणि आम्ही ते वैशालीच्या वहीत लिहितो.

तो रबरी बुश तिने परत आणला होता. आता माझ्या टेबलावर आहे. एका बाजूला चाकूचा सरळ काप.

वैशाली, तुझे म्हणणे पोहोचले.

फार उशिरा पोहोचले.

तुला माझा अखेरचा नमस्कार.