शेषराव धोट्यांचं हेरिटेज

आमच्या छापखान्याचं छत पावसाळ्यात गळत असे. बाहेरचं एखादं गिऱ्हाईक वर बघू लागलं, की शेषराव धोटे त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "हेरिटेज हाये साहेब, हेरिटेज. भोसल्याइच्या काळातली कौलं. पानी बी त्याच काळातलं." गिऱ्हाईक हसे, आणि हसलेलं गिऱ्हाईक सहसा काम देऊन जाई. ती कौलं माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बसवली होती, हे मला ठाऊक होतं. पण मला कुणी विचारत नसे.

'हेरिटेज' हा शब्द त्यांना एका सरकारी पुस्तिकेत सापडला. परदेशी कंपन्यांनी आपली कामं भारतात पाठवावीत, म्हणून दिल्लीच्या कुठल्याशा खात्याने ती काढली होती. मुखपृष्ठावर देऊळ, आत हत्ती, नर्तकी आणि डोळे मिटलेला साधू. वीज मिळते का, टपाल वेळेवर पोचतं का, हा मजकूर शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या टायपात. मी ती पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचून तिच्यातल्या चुका काढल्या. शेषरावांनी नुसतं मुखपृष्ठ पाहिलं आणि म्हणाले, "पाह्यलं का पंडितजी, दिल्लीवाल्याइनं देवाले काउंटरवर बसवलं."

पंडितजी म्हणजे मी. छापखान्यात मुद्रितशोधक, इंग्रजीचा एम. ए., भोसल्यांच्या राज्यात लेखणी घेऊन नागपुरात आलेल्या घराण्यातला. शेषराव काटोलकडचे, संत्र्यांच्या बागायतदाराचे चिरंजीव, मॅट्रिकपर्यंत शिकलेले. कामं आणणं आणि गिऱ्हाइकांना सांभाळणं ही त्यांची नोकरी. आम्ही एकाच वयाचे, पण चहावाला पहिला कप त्यांच्या टेबलावर ठेवी. मी घरी आलो की बायको विचारी, "भाजी आणली का?" शेषराव आले की म्हणे, "बसा, पोहे टाकते." माणसाचा हेवा करायला याहून मोठी कारणं लागतात, असं ज्यांना वाटतं ते सुखी लोक.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर आमचे मालक आबासाहेब यांनी एक दिवस आम्हां दोघांना आत बोलावलं. लंडनची एक प्रकाशनसंस्था शास्त्रीय पुस्तकांचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्याचं काम हिंदुस्थानात द्यायच्या विचारात होती. त्यांचा कार्टर नावाचा माणूस चार-पाच शहरं पाहत फिरत होता, नागपूरलाही येणार होता. काम मिळालं तर वेगळा विभाग निघेल आणि त्याचा प्रमुख तीन महिने लंडनला शिकायला जाईल, असं आबासाहेबांनी सांगितलं. "तुमच्यापैकी एक," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. निदान मला तसं वाटलं.

लंडनला मी कॉलेजपासून जात होतो, अर्थात पुस्तकांतून. कुठल्या गल्लीतून निघून कुठल्या पुलावर पोचायचं हे मला सीताबर्डीइतकं पाठ होतं. मी लोकरीचा ओव्हरकोट शिवायला टाकला. नागपुरात, वैशाखात. माप घेताना शिंप्याने दोनदा विचारलं, "साहेब, आजारी हाये का कोनी?"

कार्टर आला. सकाळचा कार्यक्रम माझा होता. मी त्याला शहर दाखवलं, भोसल्यांची सनावळी सांगितली, इंग्रजांनी राज्य कसं खालसा केलं हेही तपशिलात सांगितलं. तो घाम पुसत ऐकत होता. आपल्याच पूर्वजांचा अपराध भर उन्हात ऐकून कुणी काम देत नाही, हे मला नंतर सुचलं. दुपारी शेषराव त्याला रामटेकला घेऊन गेले. मीही मागच्या सीटवर होतो. डोंगरावर पोचल्यावर शेषरावांनी देवळाकडे हात केला आणि आपल्या काटोली इंग्रजीत म्हणाले, "राम स्टॉप्ड हिअर, सर. यू आल्सो स्टॉप." कार्टर इतका हसला, की पायरीवर बसला. माझी सनावळी दिवसभर जे करू शकली नव्हती, ते सात शब्दांनी केलं, आणि त्यांतल्या एकालाही व्याकरण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात आला. आमचा सर्वांत जुना कंपोझिटर विठोबा खिळे जुळवत होता. त्याच्या हातून एक खिळा खाली पडला आणि त्याला पाय लागला. विठोबाने तो उचलला, कपाळाला लावला आणि जागेवर बसवला. आमच्याकडे सगळेच तसं करत. कार्टरने विचारलं, हे काय?

मी घसा खाकरला. अक्षर, अविनाशी, सरस्वती, अशी मांडणी माझ्या मनात तयार होत होती. तेवढ्यात शेषराव म्हणाले, "लेटर इज गॉड, सर."

"मग या गॉडला ते वाचू शकतात का? इंग्रजी येतं त्यांना?"

कार्टरचा हा प्रश्न माझ्यासाठी होता. मी पुढे होऊन म्हणालो, की प्रत्येक पान मी स्वतः वाचतो, लेखकाचं वाक्य कुठे घसरलं तर तेही सावरतो. कार्टरची भुवई वर गेली. शेषराव कंपोझिटरांकडे हात करून, छाती काढून म्हणाले, "नो सर! नॉट वन मॅन!"

मला वाटलं, संपलं. पण कार्टरचा चेहरा उजळला. त्याच्याकडचे कामगार मजकूर वाचत बसतात, त्याने सांगितलं. त्यांना लेखकाचं पटत नाही, मग ते सुधारणा करतात, मग लेखक चिडतात. ज्याला भाषा येत नाही तो समोर असेल तेच लावतो. असेच लोक तो शोधत होता.

काम आम्हाला मिळालं. ज्या इंग्रजीवर मी अर्धं आयुष्य खर्च केलं होतं, ती त्या व्यवहारातली एकमेव अडचण ठरली. लंडनला शेषराव जाणार, असं ठरलं.

संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले. "काहून गा पंडितजी, तोंड पाडून बसले? देव का वाचाचा राह्यते? त्याले फक्त जागेवर ठेवाचं राह्यते."

"अभिनंदन," मी म्हणालो.

"एक काम होतं. तुमी कोट शिवला म्हनते ना. मले द्या ना तीन महिने. तिकडं थंडी लय."

शिंपी त्यांच्याही ओळखीचा होता. मी कोट दिला. तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला बसला.

ते तीन महिने मी फार वाईट काढले. प्रूफं वाचताना मनात हिशेब चाले, की आता तिथे सकाळ झाली असेल, आता तो माणूस माझ्या पुलावरून माझ्या कोटात चालला असेल आणि पुलाचं नावही त्याला ठाऊक नसेल. परत आल्यावर हा काय काय थापा मारील, याची मी वाट पाहत होतो. प्रत्येक थाप कशी खोडायची याची तयारी करून ठेवली होती.

शेषरावांनी एकही थाप मारली नाही. कोट इस्त्री करून परत दिला आणि कामाला लागले. मी पूल विचारला, संग्रहालय विचारलं, तर म्हणाले, "असन ना गा. म्या कुठं पाह्यलं."

महिनाभराने उद्योगखात्याचे कुणी बडे अधिकारी परदेशी पाहुण्यांचा एक जथा घेऊन आले. हार, नारळ, खुर्च्यांवर पांढरे अभ्रे. आबासाहेबांनी शेषरावांना पुढे केलं. आता रामटेक येणार, हेरिटेज येणार, म्हणून मी दातांवर दात ठेवून बसलो. शेषराव उभे राहिले आणि म्हणाले, "सर, वुई आर चीप. गुड, बट फर्स्ट चीप." आणि खाली बसले. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

आबासाहेबांनी त्यांना काय सुनावलं ते दाराबाहेर ऐकू येत होतं. नंतर मी विचारलं, "शेषराव, हे काय केलंत?"

ते पानाचा डबा उघडून बसले. मग बोलले. लंडनला त्यांना शिकवायला एक म्हातारा कंपोझिटर नेमला होता. त्याचा बाप, आजा, सगळे त्याच दालनात खिळे जुळवत आलेले. दालन लांबच लांब आणि खिळ्यांच्या पेट्या ठेवायचे घोडे बहुतेक रिकामे.

"रोज माह्यासाठी चहा आने तो. मी चुकलो का हात धरून दाखवे. मले वाटलं, याले ठाऊक नसन मी काहून आलो ते. शेवटल्या दिवशी म्या विचारलं, तर म्हने, पयल्या दिवसापासून ठाऊक हाये." शेषरावांनी डबा मिटला. "तो मले शिकवून राह्यला होता अन् मी त्याचीच भाकर घेऊन राह्यलो होतो. आता सांगा पंडितजी, ते का हेरिटेज नाई होतं? त्याचा फोटो कोनत्या पुस्तिकेत हाये?"

 मला एक लख्ख कळलं. मी गेलो असतो तर पूल पाहिले असते, संग्रहालय पाहिलं असतं, परत येऊन लेख लिहिला असता. तो म्हातारा मला दिसला नसता. लंडनमध्ये पाहण्यासारखं जे होतं तेही हाच माणूस पाहून आला होता, आणि तेही माझ्या कोटात.

पुढल्या दसऱ्याआधी शेषरावांनी नोकरी सोडली आणि काटोलला बागेत जाऊन राहिले. आबासाहेबांनी शेषरावांची खुर्ची मला दिली. इतकी वर्षं हवी असलेली ती खुर्ची. लंडनचं मी विचारलं, तेव्हा कळलं की ते दालन बंद झालं आहे. शिकवणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे शिकायला पाठवायचंही काही कारण नव्हतं. काम मात्र वाढतच गेलं. मी लेखकांच्या चुका जशाच्या तशा जाऊ द्यायला शिकलो. झोप तेवढी कमी झाली.

काही वर्षांनी एसटीने काटोलला गेलो. शेषरावांनी हात धरून बागेत नेलं, झाडाखाली खाट टाकली होती. वहिनींनी आग्रह करकरून जेवू घातलं. मग आम्ही दोघं खाटेवर टेकलो आणि मी आमच्या विभागाची हकिगत सांगू लागलो: नवी यंत्रं, नवे करार, लंडनहून आलेलं कौतुकाचं पत्र. पत्रापाशी पोचलो आणि पाहिलं, तर शेषराव गाढ झोपले होते. तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबकळलेला. वहिनी लांबूनच म्हणाल्या, "रागावू नका भाऊ. हे असेच. टेकले का झोपले." मी शेवटची बस निघेपर्यंत त्या माणसाकडे बघत बसलो. त्या झोपेइतका हेवा मला त्यांच्या लंडनवारीचाही कधी वाटला नव्हता.

पुढे ते गेल्याची बातमी आली. दुपारी जेवून खाटेवर पडले आणि उठलेच नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. एका माणसाने किती बाबतींत पुढे असावं, याला काही मर्यादा!