ठिपकेवाल्या मिस्त्रीचा पुरावा

मिस्त्रीचा कोणावरही विश्वास नव्हता. विकत घेतलेला प्रत्येक नट तो दुकानातच बोल्टवर फिरवून बघायचा, पंपावर डिझेल घेताना आकडा शून्यावर आहे ना हे वाकून पाहायचा, आणि घरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलं तरी त्याला कोणी हात लावला याची चौकशी बसवायचा. घरात माणसं दोन, तो आणि त्याची बायको, तरीही चौकशी व्हायची.

मळ्यावर येऊन त्याला सव्वीस वर्षं झाली होती. शेडच्या मागच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. लोखंडाचं म्हणून जे जे मोडेल ते मिस्त्रीकडे यायचं. तो वेल्डिंग करायचा आणि बायको समोर बसून तुकडा हलू नये म्हणून पकडीने धरायची. काम झालं, वरची काळी खपली झडली, की तो शेजारी पंच टेकवून हातोडीचा एक ठोका मारायचा. मोहरीएवढा ठिपका उमटायचा. ही त्याची सही. उद्या दुसऱ्याच कोणी येऊन हे काम माझं म्हटलं तर? जग असंच असतं, असं त्याचं म्हणणं होतं. लोक त्याला ठिपकेवाला म्हणत.

मळ्यात फळझाडांच्या रांगा होत्या आणि रांगांमध्ये गुडघाभर गवत. ते कापायला एक गाडी होती. वर बसून चालवायची, पोटाखाली पत्र्याचं मोठं झाकण, आणि झाकणाखाली गरगरणारी दोन पाती. सगळे तिला गवतगाडी म्हणत. गाडी आता म्हातारी झाली होती. झाकण तोलून धरणाऱ्या पट्ट्या, सीटखालचा अँगल, पुढचा दांडा, एकेक करून सगळ्यांना टाके पडले होते. या गाडीत कंपनीचं लोखंड कमी आणि माझंच जास्त, असं मिस्त्री सांगायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. तिच्या अंगावर एकतीस ठिपके होते.

त्याच गाडीने त्याला दगा द्यायला सुरुवात केली. दोन महिन्यांत तीनदा तिची पट्टी सुटली, तीही त्याने जोडलेल्या जागीच. तिसऱ्या वेळी पाती फिरत असतानाच झाकण एका अंगाला खाली आलं, सुटलेली पट्टी पात्यात गेली आणि ड्रायव्हरच्या बुटाची टाच उडवून शेजारच्या झाडाच्या खोडात रुतली. पाय थोडक्यात वाचला.

दुसरा कोणी असता तर त्याने आधी आपलं वेल्डिंग तपासलं असतं. मिस्त्रीने जगाला तपासायला घेतलं. वेल्डिंगचे रॉड विकणाऱ्याने दमट माल गळ्यात मारला म्हणून त्याच्याशी भांडण काढलं. मग वेल्डिंग करताना तोंडावर घालायच्या मास्कची काच बदलली, कारण हल्ली काच नको तितकी काळी येते आणि आतून जोड दिसतच नाही. दुसऱ्या दुकानातून आणलेली काचही तसलीच निघाली. तिसऱ्या दुकानातलीही. तिन्ही दुकानदार एकमेकांना सामील आहेत, इथपर्यंत तो येऊन पोचला. बायकोने एकदा हळूच डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय काढला, तर म्हणाला, तो तिथे चष्मे विकायला बसलाय, त्याला कोणाचे डोळे चांगले असलेले परवडतील का?

शेवटी संशय ड्रायव्हरवर येऊन थांबला. ड्रायव्हर म्हणजे आडव्या अंगाचा, कलिंगडाएवढ्या डोक्याचा, दिवसभर शीळ घालत गवत कापणारा माणूस. त्याचा मेहुणा नव्या गाड्यांच्या दुकानात कामाला होता. मिस्त्रीला एवढं पुरलं. जुनी गाडी मोडायची, मालकीणबाईंना नवी घ्यायला लावायची आणि मेहुण्याचं भलं करायचं. मुद्दाम दगडांवरून नेत असणार.

"अहो, पण टाच त्याचीच गेली ना?" बायको म्हणाली.

"टाचच गेली. पाय कुठे गेला?"

बायको उठून भाकऱ्या थापायला गेली. 

त्यानंतर गाडी मोडायची थांबली. शहाण्या माणसाला बरं वाटलं असतं. मिस्त्री आणखीच बिथरला. मोडणारा हात अचानक का थांबला, याचा शोध घ्यायला तो गाडी जॅकवर चढवून खाली शिरला आणि पट्टीच्या जोडावरून अंगठा फिरवताना थबकला. आपली रेघ त्याच्या अंगठ्याला पाठ होती, बारीक खवल्यांची, शेवटाला जरा उंचवटा असलेली. ही रेघ सपाट होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. शेजारचा ठिपका मात्र त्याचाच. ठिपका आपला आणि टाका परका, असल्या सात जागा सापडल्या.

मग एकेक आठवायला लागलं. पुडक्यातले रॉड मोजून ठेवले तरी दोन-तीन कमी भरत होते. शिवाय मास्क. जेवून तासभर झोपायची त्याची जुनी सवय होती, आणि झोप अशी की शेजारी विहीर खणली तरी कळू नये. उठून शेडमध्ये यावं आणि मास्क घालावा, तर तो डोक्यावर उतरायचाच नाही. मागची चकरी फिरवून पट्टा सैल करावा लागायचा. आपलं डोकं वाढतंय की काय, असं त्याने बायकोला विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, वाढू दे, आत जागा बरीच आहे. झोपेत वेल्डिंगचा चरचर आवाज येतो, हेही तो तिला सांगायचा, आणि वर कौतुकाने म्हणायचा की स्वप्नातसुद्धा काम सुटत नाही. आता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण झोपलो की कोणीतरी शेडमध्ये येतं आणि आपला मास्क घालून आपलं काम बदलून ठेवतं.

दुपारी बायको शेडच्या ओट्यावर काही ना काही निवडत बसलेली असायची, म्हणून त्याने तिलाच विचारलं.

"परकं कोणी आलं नाही," ती म्हणाली. "आणि ज्याला गाडी मोडायचीय तो जोडून कशाला ठेवील?"

"तुला नाही कळायचं. यात काहीतरी खोल डाव आहे."

डाव किती खोल आहे हे त्यालाही माहीत नव्हतं, पण तो तसाच बाईंकडे गेला. मळ्याच्या मालकीणबाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे तक्रार आली की दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या करायची त्यांची रीत होती. मिस्त्री म्हणाला, ड्रायव्हर चोरून माझ्या कामात हात घालतो. या मळ्यावर एक तर तो राहील नाही तर मी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, शनिवारी दहा वाजता पुरावा आणा. खरं निघालं तर तो त्याच दिवशी फाटकाबाहेर जाईल.

ही बातमी ड्रायव्हरला लागायला वेळ लागला नाही. त्याच्या घरी नुकतंच दुसरं मूल झालं होतं. त्याने बाईंना शपथेवर सांगितलं, पण बाईंचं एकच उत्तर, शनिवारी बघू. तो आठवडा मळ्यात शीळ ऐकू आली नाही. मिस्त्रीने तेही पुराव्यात जमा केलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

बायकोचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. शुक्रवारी संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना. त्याचं काम सुटलं तर लेकरांचं काय?"

"करावं तसं भरावं," मिस्त्री म्हणाला आणि कामाला लागला. त्या दुपारीही मास्क घट्टच सापडला होता. चकरीला हात न लावता त्याने तो पोत्यात घातला, पोत्याचं तोंड तारेने आवळलं आणि पुरावा खाटेखाली ठेवला.

शनिवारी दहाला शेडमध्ये बाई खुर्चीवर बसल्या. ड्रायव्हर हात बांधून उभा राहिला. मिस्त्रीची बायको कामाच्या टेबलाशी उभी होती. मिस्त्रीने तार सोडली, मास्क बाहेर काढला आणि ज्याच्या डोक्यावर हा बसेल तो चोर, असं जाहीर केलं. मग त्याने तो ड्रायव्हरच्या डोक्यावर ठेवला. मास्क कपाळावरच अडकला. मिस्त्रीने वरून दाबला. ड्रायव्हर कळवळला, पण मास्क त्याच्या डोक्यावर लहान पोराची टोपी बापाने घालावी तसा टेकून राहिला.

"पट्टा सैल केला की बसेल की," ड्रायव्हर बिचारा स्वतःहून म्हणाला.

"हात लावायचा नाही. पुरावा आहे."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं. मिस्त्री कोड्यात पडला. एवढं लहान डोकं मळ्यावर आहे तरी कोणाचं? काखेत कळसा असला की माणूस गावाला वळसा घालतोच. तो एकेका गड्याचं डोकं आठवायला लागला.

तेवढ्यात बायको पुढे आली. तिने ड्रायव्हरच्या डोक्यावरून मास्क उचलला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि मान झटकली. मास्क सरळ चेहऱ्यावर उतरला.  मग तिने तो वर केला.

"मी घालते तो," ती म्हणाली. "बुटाची टाच उडाली त्या दिवशी मी तुटलेली जागा बघितली. तुमचं वेल्डिंग सगळं पट्टीवर होतं. जोडावर नव्हतंच. तुम्हाला दिसत नाही हो. तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून तुम्ही झोपलात की घासून पुन्हा करत होते."

 मिस्त्रीच्या तोंडून पहिला शब्द निघाला तोही संशयाचाच.

"तुला वेल्डिंग कोणी शिकवलं?"

"सव्वीस वर्षं समोर बसून लोखंड धरलं, ते काय तुमचं तोंड बघायला?"

बाईंनी हसू आवरून विचारलं की मिस्त्रीची अलीकडची सगळी कामं नीट झाली का. झाली, ती म्हणाली. गाडी झाली, फाटक झालं, ट्रॉलीचा दांडाही झाला. फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या राहिल्यात. वर चढलं की मला गरगरतं आणि शिडी एकटीला उतरवता येत नाही.

"म्हणून मला महिनाभर सांगताय काकू, वर गांधीलमाश्या आहेत म्हणून!" ड्रायव्हर म्हणाला. टाकी धुवायला दर महिन्याला तोच चढायचा.

सगळे टाकीकडे गेले. शिडी वरून आकड्यांनी अडकवलेली होती. ड्रायव्हर आणि मिस्त्रीने ती खालून उचलून सोडवली आणि जमिनीवर आडवी केली. मिस्त्री गुडघ्यांवर बसला. सगळ्यांत वरच्या पायरीच्या जोडावर त्याने अंगठा ठेवला आणि सरकवला. रेघ होती, खवले होते, शेवटचा उंचवटा होता. पण ती जोडाच्या बाजूला पडली होती, आणि खऱ्या जोडाच्या फटीत त्याचं नख अर्धं आत गेलं. पायरी नुसत्या एका जुन्या टाक्यावर टिकून होती. ठिपका मात्र अगदी जागच्या जागी होता.

त्याला लाज वाटली. बायकोने चोरून काम केलं याची नाही. ज्याला फाटकाबाहेर काढायला तो निघाला होता त्याचा पाय त्याने स्वतःच जवळजवळ कापला होता, आणि आता इथून खाली पाडणार होता. इतकी वर्षं सगळ्या जगाची झडती घेतली आणि आपलाच खिसा तेवढा तपासायचा राहिला.

"गाडी तू मोडली नाहीस," तो ड्रायव्हरला म्हणाला. "मी मोडली. माझं चुकलं."

ड्रायव्हरने मान हलवली. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, आणि मिस्त्रीनेही विचारलं नाही. बाई म्हणाल्या, सोमवारी डोळे दाखवून या. चष्मे विकणाऱ्याचं नाव मिस्त्रीने काढलं नाही.

शिडी शेडमध्ये आणली. मिस्त्री नेहमीच्या जागी गेला, तिथे उभा राहिला आणि मग टेबलाला वळसा घालून पलीकडे, बायकोच्या जागी जाऊन बसला. पकडीने त्याने पायरी घट्ट धरली. बायकोने मास्क घातला, तसे त्याने डोळे मिटून घेतले. चरचर आवाज ओळखीचा होता, झोपेत ऐकलेला. खपली झडल्यावर तिने सवयीने पंच त्याच्यापुढे केला.

"तूच मार," तो म्हणाला.

तिने ठिपका मारला. मिस्त्रीने रेघेवरून अंगठा फिरवला, एकदा सरळ आणि एकदा उलटा, कारण स्वभाव एका दिवसात जात नाही. कुठे खोट सापडली नाही. दूर झाडांच्या रांगांत गवतगाडी सुरू झाली होती. शीळ अजून नव्हती. तो उठला आणि मास्क खिळ्याला अडकवला. चकरी त्याने सैल केली नाही.