राजमाता असं म्हणालीच नव्हती

आमच्या घरात कोरियाच्या राजघराण्याविषयी पहिलं मत सासूबाईंनी दिलं आणि ते टोपीविषयी होतं. पडद्यावर दरबार भरला होता. काळ्या जाळीच्या, रुंद काठाच्या टोप्या घातलेली मोठमोठी माणसं राजापुढे माना खाली घालून उभी होती. सासूबाईंनी नीट निरखून विचारलं की या टोपीनं ऊनही अडत नाही आणि पाणीही अडत नाही, तर ही माणसं ती डोक्यावर घेतात तरी कशाला? शेजारच्या काकूंनी लगेच दुजोरा दिला. काकूंचं आमच्या नेर गावाबाहेर कापसाचं शेत आहे, त्यामुळे डोक्यावर काय घ्यावं हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. असली टोपी घालून वेचणीला गेलं तर दुपारपर्यंत माणूस आडवा होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मालिका लावून दिली ती माझ्या नणंदेनं. ती यवतमाळला शिकते. दसऱ्याला आली तेव्हा टीव्हीवर कसलंसं ॲप टाकलं, आम्हा तिघींना पहिला भाग दाखवला आणि आग लावून आपण परत निघून गेली. गोष्ट साधी होती. जडीबुटी विकणाऱ्या बाईची मुलगी, आणि राज्याचा युवराज. युवराजाला ताप येतो, मुलगी त्याला काढा पाजते आणि पुढचे कितीतरी भाग तो तिच्याकडे नुसता बघत राहतो. आठ भागांत त्यानं तिचा हात एकदाच धरला, तोही ती चिखलात घसरली म्हणून. काकू वैतागून म्हणायच्या की एवढ्या वेळात आमच्याकडे लग्न लागून पाहुणे आपापल्या घरी पोचले असते. सासूबाईंची तक्रार जेवणाबद्दल होती. इतक्या वाट्या मांडायच्या आणि प्रत्येकीतलं चिमूटभर उचलायचं, याला त्या जेवण मानायलाच तयार नव्हत्या.

दुपारी दोनची वेळ ठरलेली. नवरा कृषी केंद्रात कामावर, माझी चार वर्षांची मुलगी जेवून झोपलेली, आणि माझ्या शिकवणीची पोरं यायला अजून अवकाश. काकू आपलं निवडण-टिपण घेऊन यायच्या आणि दार लोटून आम्ही राजवाड्यात शिरायचो.

घोटाळा झाला नवव्या भागाला. युवराजानं त्या मुलीशी लग्न केलं, नवी युवराज्ञी राजवाड्याच्या उंबरठ्यावर उभी राहिली, समोर तिची आजेसासू म्हणजे राजमाता येऊन बसली, तोंड उघडलं आणि चक्क कोरियन बोलायला लागली. हिंदीत घातलेले आवाज आठ भागांतच संपले होते. पुढचं हिंदी यायला वेळ होता, तोवर खाली इंग्रजी ओळी तेवढ्या पळत होत्या. सून उंबरठ्यावर असताना थांबायला कुणीच तयार नव्हतं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी आठवी ते दहावीच्या पोरांना घरी इंग्रजी शिकवते, तेव्हा सुटका नव्हती.

तर मी वाचायचे आणि आमच्या बोलीत सांगायचे. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. पोरांना तेच ते व्याकरण शिकवून जीभ वाळून गेली होती. इथं राजा, प्रधान, राजवैद्य, दासी सगळे माझ्याच तोंडून बोलत होते, आणि दोन बायका श्वास रोखून ऐकत होत्या. मी आवाजही बदलायचे. प्रधान माझ्याकडून थोडा आमच्या गल्लीतल्या किराणावाल्यासारखा बोलायचा.

उलटं भाषांतरही माझ्याकडेच आलं. या मालिकेचं मोबाईलवर एक पान होतं आणि तिथं जगभरचे लोक प्रत्येक भागाखाली आपलं मत लिहायचे. हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, आपलंही लिही. त्यांचं पहिलं मत होतं, जेवताना राज्यकारभार बोलू नये, अन्न अंगी लागत नाही. मी ते इंग्रजीत घातलं. दुसऱ्या दिवशी त्यावर बदाम आलेले. कुठकुठल्या देशांतल्या बायकांनी दिलेले. सासूबाईंनी दिवसभरात ज्याला सांगितलं नाही असा माणूस गल्लीत उरला नाही. विहारात पौर्णिमेच्या वंदनेला गेल्या तेव्हा तिथेही सांगून आल्या.

मत द्यायला त्यांना कधीच कुणाची भीती वाटली नाही. आयुष्यभर अंगणवाडीत मदतनीस होत्या, अर्ध्या मोहल्ल्याच्या पोरांची नाकं पुसली आहेत, तेव्हा त्या पोरांच्या आईबापांनाही त्या बिनदिक्कत सुनावतात. भीती होती ती मला. कारण त्याच आठवड्यात माझी ऑर्डर आली होती.

ढाणकीला एका शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून. मुलाखत देऊन आले होते तेव्हा काही होईलसं वाटलं नव्हतं. आता पत्र आलं होतं आणि पंधरा दिवसांत रुजू व्हायचं होतं. नेरहून ढाणकी म्हणजे दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, म्हणजे जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक. रोज जाणं-येणं शक्यच नाही. खोली घ्यावी लागणार, शनिवारी यायचं, सोमवारी पहाटे निघायचं, आणि मुलगी सासूबाईंकडे ठेवायची. मला ती नोकरी इतकी हवी होती की पत्र मी तीनदा वाचलं. नवऱ्याला सांगितलं तर त्याचा चेहरा फुलला, आणि लगेच तो म्हणाला, "आईले इचारून पाय." माणूस चांगला आहे, पण जड वस्तू दिसली की तो ती आईकडे सरकवतो.

आणि मला विचारवेना. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतली एक सून बाभुळगावला नोकरीला गेली, तेव्हा सासूबाई ओट्यावर बसून म्हणाल्या होत्या, लेकरू टाकून गेली. ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं. मी पत्र व्याकरणाच्या पुस्तकात ठेवलं आणि दिवस जाऊ दिले.

मग अकरावा भाग आला. युवराज्ञीच्या माहेरच्या गावात साथ पसरते. तिला औषधं ठाऊक आहेत, तिला जायचं आहे. ती राजमातेपुढे गुडघे टेकते आणि परवानगी मागते. राजमाता तोंड उघडते. मग खाली ओळ उमटली की या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलंस तर हे दार तुला पुन्हा उघडणार नाही.

मी ती ओळ वाचली. शेजारी सासूबाई, पुढे काकू. आणि माझ्या तोंडून निघालं, "जा बाई. घर मी पाहीन. तुझ्या हातातलं काम वाया नाही गेलं पायजे."

ठरवून केलं नव्हतं. पण एकदा निघालं ते निघालं. सासूबाईंनी मान डोलावली. काकूंनी मात्र शंका काढली की मग ती युवराज्ञी एवढी रडते कशाला? आनंदानं, मी म्हटलं. तेवढ्यात राजमातेनं हात वर केला आणि नोकरांनी धाडकन दार लावलं. हे काय, असं काकूंनी विचारल्यावर मी म्हटलं, वारं सुटलं आहे तिकडे.

थाप मारणं सोपं असतं, पुढचा भाग लगेच दुसऱ्या दिवशी असतो ही अडचण. बाराव्या भागात युवराज्ञी दासीचे कपडे घालून मागच्या भिंतीवरून पळाली. मी सांगितलं की कपडे राजमातेनंच दिले, वाटेत चोर असतात म्हणून. तेराव्यात राजमातेनं तिच्यामागे घोडेस्वार सोडले. ते सोबतीला आहेत, मी म्हटलं. घोडेस्वारांच्या हातांत तलवारी होत्या. तलवारींवर मी काही बोलले नाही. काकू मधूनमधून माझ्याकडे तिरप्या नजरेनं बघायच्या, पण गोष्ट त्यांना पसंत होती. असली सासू कोरियातच मिळते, असं मत देऊन त्यांनी तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या.

सासूबाईंना राजमाता फार आवडायला लागली. आधी त्यांना ती गर्विष्ठ वाटत होती, आता त्या तिच्या बाजूनं बोलायच्या. त्यांनी मला मत लिहायला लावलं, की राजमाता मनाची मोठी आहे, सुनेला कामाला पाठवते, घर स्वतः सांभाळते, सगळ्यांनी तिच्याकडून शिकावं. मी ते इंग्रजीत लिहून पाठवलं. त्या पानावर तेव्हा सगळं जग राजमातेला शिव्या घालत होतं. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकीनं अगदी नम्रपणे विचारलं होतं, आपण नक्की हीच मालिका बघता ना? लोक काय म्हणतात, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, सगळ्यांना पटलं आहे. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी मी ऑर्डरचं नाव काढलं नाही. रोज ठरवायचे की आज राजमातेच्या मागोमाग आपलंही सांगून टाकू. रोज चहा व्हायचा, कप धुतले जायचे आणि शिकवणीची पोरं दाराशी यायची.

रुजू व्हायला चार दिवस उरले होते तेव्हा नणंद सुटीत आली. आली ती आनंदाची बातमी घेऊनच. सगळे भाग हिंदीत आले होते. तिनं स्वतःला बघायचे म्हणून नवव्यापासून लावले. काकूंना निरोप गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन कुणालाही नको असलेला चहा मांडला.

आत सगळं ऐकू येत होतं. अकरावा भाग आला आणि राजमातेचा आवाज भिंतीपलीकडून आला, "इस चौखट के बाहर पाँव रखा, तो यह दरवाज़ा फिर कभी नहीं खुलेगा." चहा उतू गेला.

काकू हसून हसून बेजार झाल्या. त्यांनी नणंदेला सगळं सांगितलं, वारं, चोर, सोबतीचे घोडेस्वार, आणि दोघी मिळून पुन्हा हसल्या. मीही दारात उभी राहून हसल्यासारखं केलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी नणंदेला तो प्रसंग परत लावायला सांगितला, परत नीट बघितला आणि उठून शेजघरात गेल्या. रात्रीच्या जेवणाला आमचं बोलणं मीठ आणि भाजी एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी टीव्ही लावू दिला नाही. नणंद मैत्रिणीकडे गेली होती. मी मेथी निवडत होते. त्या समोर येऊन बसल्या, जुडीतली अर्धी मेथी आपल्याकडे ओढली आणि मला विचारलं,

"तुले कुठं जाचं हाय?"

हातातली काडी मी खाली ठेवली. मी उठले, व्याकरणाचं पुस्तक आणलं आणि पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. पत्र मराठीत होतं. त्यांनी चष्मा लावून शाळेच्या नावापासून शिक्क्यापर्यंत सावकाश वाचलं. तारखेवर बोट ठेवलं.

"इतके दिवस पुस्तकात ठेवलं?"

"हो."

"तुले वाटलं, मी बी त्या राजमातेसारखीच?"

मी गल्लीतल्या त्या सुनेची आठवण दिली. तुम्हीच म्हणाला होतात, असं पुटपुटले. म्हणाल्या, म्हटलं असेल, मी पुष्कळ काही म्हणते, टोपीवरही म्हटलं होतं. त्या म्हणाल्या की माझ्या सुनेनं मला एक गोष्ट विचारायला दूरच्या राजवाड्यातली म्हातारी पुढे केली, याचं मला वाईट वाटलं. मला रडू आलं आणि ते आनंदाचं नव्हतं. चूक झाली आई, मी म्हटलं. त्यांनी माझी समजूत वगैरे घातली नाही. मेथी निवडून पुरती संपवली, हात पदराला पुसले.

"मोबाईल आन. मत लिवाचं हाय."

मी त्या पानावर गेले, अकरावा भाग काढला. त्यांचं आधीचं मत हसऱ्या चेहऱ्यांखाली दबून गेलेलं होतं, ते मी घाईनं वर सरकवलं.

"विंग्रजीत नको. मराठीत लिव. मले वाचता आलं पायजे."

त्यांनी सांगितलं आणि मी एक अक्षर न बदलता लिहिलं. राजमाता चुकली. काम करनाऱ्या सुनेले अडवू नाही. सुनेनं बी तोंडानं सांगावं, सासूले मनातलं वाचता येत नाही. सोमवारी पाह्यटची गाडी पकडजो. पोट्टी माह्यापाशी राहीन, तिले रात्री हळदीचं दूध लागते ते मले माहीत हाय.

त्यांनी मोबाईल जवळ घेतला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. मी कसंबसं म्हटलं, आई, हे त्या कोरियाच्या लोकांना कसं समजणार?

"त्याईले सांगून नाही राह्यली मी," त्या म्हणाल्या, आणि पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.